एकाच अक्षांशावरचे दोन हिवाळे

नकाशावर डहाणूपासून पूर्वेकडे सरळ आडवी रेघ ओढली तर ती सह्याद्री ओलांडते, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरच्या आसपासून जाते आणि वाशीम मागे टाकून यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसजवळ पोहोचते. अंतर पाचशे-सव्वापाचशे किलोमीटर. दोन्ही गावांवर सूर्य जवळपास तेवढाच तिरपा असतो आणि जानेवारीतला दिवसही तेवढाच लहान. तरी डहाणूचा हिवाळा आणि दिग्रसचा हिवाळा यांचे एकमेकांशी फारसे जमत नाही. डहाणूला समुद्र रात्र फार गार होऊ देत नाही आणि दुपार फार तापू देत नाही. दिग्रसला पहाटे अंगावर शाल आणि दुपारी डोक्यावर दुपट्टा. हा फरक हवामान विभागाच्या नियमांतही उतरलेला आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक घसरलेले असले की थंडीची लाट म्हणायची. किनाऱ्यावर मात्र १५ अंशांवरच तो विचार सुरू होतो. म्हणजे ‘लाट’ हा शब्द एकच असला तरी डहाणूचा माणूस ज्या पहाटेला लाट म्हणेल, ती पहाट दिग्रसकराला नेहमीचीच वाटेल. पावसाच्या अंदाजाचेही असेच होते, फक्त तिथे ही तफावत इतकी उघड लिहिलेली नसते. ‘राज्यात अवकाळी पावसाची शक्यता’ या एका ओळीत किनारा आणि वऱ्हाड एकाच दाव्याला बांधले जातात आणि मग अंदाज चुकला म्हणून दोन्हीकडून ओरड होते.

दिग्रस, दारव्हा, पुसद या पट्ट्यात हिवाळ्याचा बिघडलेला आठवडा कसा जातो ते पाहा. आधी दोन दिवस आभाळ येते, रात्रीची थंडी अचानक मोडते, पंखा लावावा की काय असे वाटते. मग एखाद्या दुपारी किंवा रात्री गडगडाट, पाऊस आणि कुठे कुठे गारा. नंतर आकाश निवळते आणि सकाळी शेतावर धुके उतरते. त्यानंतर उत्तरेचा वारा सुटतो आणि पारा घसरतो. ऊब, गारा, धुके, गारठा अशी ही चार रूपे बातम्यांमध्ये चार वेगळ्या घटना म्हणून येतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो एकाच हवामान प्रणालीचा क्रमाने होणारा प्रवास असतो. माझे म्हणणे असे की हा क्रम आजच्या हवामानशास्त्राला बऱ्यापैकी आधी कळतो, पण त्यातली गार कोणत्या शिवारात पडेल हे तास-दोन तास आधीपर्यंत कळत नाही, आणि नजीकच्या काळात कळण्याची चिन्हेही नाहीत. आपण चारही गोष्टींकडून सारख्याच खात्रीची अपेक्षा धरतो. विभागही त्या चारही गोष्टी एकाच सुरात सांगतो. घोळ इथे आहे.

या प्रवासाची सुरुवात फार लांब होते. हिवाळ्यात उत्तर भारतावर जमिनीपासून सुमारे बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचा झोत वाहत असतो. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असे करत या झोतात लाटा सरकत येतात. त्यांनाच आपण पश्चिमी चक्रावात म्हणतो. त्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे काश्मीर, हिमाचल, पंजाब. तिथे बर्फ आणि गव्हाला लागणारा पाऊस त्यांच्यामुळेच पडतो. बहुतेक चक्रावात विदर्भाला फक्त वाऱ्याची दिशा बदलून आणि थोडे ढग दाखवून निघून जातात. काही लाटांचा खोलगट भाग मात्र दक्षिणेकडे इतका लांबतो की वरच्या थरातली गार हवा थेट विसाव्या अक्षांशापर्यंत, म्हणजे आपल्या डोक्यावर येते. अशी खोल लाट चार-पाच दिवस आधी संगणकाच्या प्रारूपात स्पष्ट दिसते, कारण ती हजारो किलोमीटर लांबीची असते आणि तिला इथे पोहोचायला वेळ लागतो. एवढी मोठी गोष्ट कुठे लपणार? तेव्हा ‘पुढच्या आठवड्याच्या मध्यावर विदर्भात हवामान बिघडेल’ हे वाक्य आज बऱ्यापैकी विश्वासाने म्हणता येते.

पण वरून गार हवा आली म्हणजे पाऊस येतोच असे नाही. खालून वाफ यावी लागते, आणि या बाबतीत दिग्रसची जागा मोठी मजेशीर आहे. पश्चिमेकडे अरबी समुद्र सरळ रेषेत पाचशे-सव्वापाचशे किलोमीटरवर. आग्नेयेकडे आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालचा उपसागर साधारण साडेपाचशे ते सहाशे किलोमीटरवर. म्हणजे गाव दोन समुद्रांच्या जवळपास मध्यावर आहे. अंतर सारखे असले तरी वाटा सारख्या नाहीत. अरबी समुद्राच्या वाफेला सह्याद्री आडवा येतो, त्यामुळे ती जमिनीलगत न येता एक-दीड किलोमीटरच्या वरून, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर बसून येते. उपसागराच्या वाफेला असा सलग अडसर नाही. पूर्वघाट तुटक आहे आणि गोदावरीचे खोरे उघडे आहे. दिग्रसच्या अरुणावती नदीचे पाणी पैनगंगेत, तिथून वर्धा आणि प्राणहितेमार्गे गोदावरीत आणि शेवटी ज्या उपसागरात जाते, तिथूनच ही वाफ उलट वाटेने वर चढत येते. ओडिशा आणि आंध्रच्या किनाऱ्यालगत हवेच्या जास्त दाबाचे क्षेत्र बसले की त्याच्या कडेने आग्नेयेचे दमट वारे तेलंगणातून विदर्भाकडे वळतात. विदर्भापासून दक्षिणेकडे जी वारे खंडिततेची रेषा हवामान पत्रकांत वारंवार वाचायला मिळते, ती म्हणजे या पूर्वेकडच्या दमट आणि पश्चिमेकडच्या वेगळ्या वाऱ्यांची सीमा. ती रेषा त्या दिवशी यवतमाळवरून जाते की नांदेडवरून, एवढ्यावर दिग्रसचा पाऊस अडलेला असतो. शंभर किलोमीटर इकडे किंवा तिकडे. चार दिवस आधी प्रारूपाला एवढी अचूकता साधत नाही. दोन दिवस आधी बऱ्यापैकी साधते.

आता गारा. पाऊस पडेल की गारा, हे ठरवण्यात वाफेइतकाच उंचीचाही हात असतो. ढगात शून्य अंशाच्या खालीही पाणी द्रवरूपात राहू शकते. अशा अतिगार थेंबांत एखादा बर्फाचा कण सापडला की थेंब त्याच्यावर थापले जातात आणि गार वाढू लागते. तिला वाढायला वेळ मिळावा यासाठी खालून वर जाणारा झोत तिला तोलून धरण्याइतका जोरदार हवा. तो जोर येतो खाली उबदार दमट हवा आणि वर अतिगार हवा असली की. पावसाळ्यात दिग्रसवर वाफ कितीतरी जास्त असते, तरी गारा पडत नाहीत, कारण तेव्हा वरची हवाही उबदार असते, झोत मवाळ असतो आणि शून्य अंशाची पातळी पाच किलोमीटरच्याही वर असते. बर्फ तयार झाला तरी खाली येईपर्यंत त्याचे पाणी होते. हिवाळ्याच्या शेवटी, खोल लाट आली की ही पातळी चार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून खाली येते. शिवाय ढगाखालची हवा कोरडी असते. तिच्यातून पडताना गारेच्या ओल्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होते आणि माठातले पाणी जसे गार राहते तशी गार वितळता वितळता पुन्हा गार होते. म्हणून वऱ्हाडातली कोरडी हवा, जी एरवी गव्हा-हरभऱ्याला मानवते, तीच गारेलाही जमिनीपर्यंत सुखरूप आणून सोडते.

डहाणूला हे का होत नाही? तिथे वाफ तर दारातच आहे. खरी गोष्ट अशी की ती दारातच राहते. हिवाळ्यात किनाऱ्यावरची दमट हवा काही शे मीटर जाडीच्या थरात कोंडलेली असते आणि तिच्यावर जमिनीकडून आलेल्या कोरड्या, तुलनेने उबदार हवेचे झाकण बसलेले असते. दुपारी समुद्रावरचा वारा आत शिरतो आणि जमीन तापण्याआधीच ती निववतो. त्यामुळे ढग पातळ राहतात, उंच चढत नाहीत. किनाऱ्याला हिवाळी पाऊस हवा असेल तर अख्खी मोठी प्रणालीच यावी लागते. ओखी चक्रीवादळाचे उदाहरण ताजे नाही, पण फार बोलके आहे. नोव्हेंबर २०१७च्या शेवटी श्रीलंकेजवळ जन्मलेले हे वादळ लक्षद्वीपवरून वळून ईशान्येकडे गुजरातच्या दिशेने आले, वाटेतच विरत गेले आणि ५ डिसेंबरला मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावर भर हिवाळ्यात पावसाळी दिवस उगवला. असा पाऊस क्वचित येतो, पण येतो तेव्हा उपग्रहाच्या डोळ्यांसमोरून चालत येतो. किनाऱ्याची खरी अवघड गोष्ट तापमानाची आहे. समुद्री वारा सकाळी अकराला आला की दुपारी दोनला, एवढ्या फरकाने कमाल तापमान कित्येक अंशांनी बदलते. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली ती उत्तरेकडून जमिनीवरच्या वाऱ्यांनी समुद्राला पूर्ण बाजूला सारले म्हणून. तर किनाऱ्यावर हिवाळ्याचा अंदाज म्हणजे मुख्यतः वाऱ्याच्या दिशेचा आणि वेळेचा अंदाज, आणि दिग्रसला तो हवेच्या थरांच्या उंचीचा. एकच पत्रक दोघांना पुरत नाही ते यामुळे. नुकसानही वेगवेगळे असते. जी लाट यवतमाळला गारा देते, तीच रत्नागिरी-देवगडला नुसते दोन-तीन दिवसांचे मळभ देते. पण मळभानेच आंब्याच्या मोहरावर तुडतुडे आणि भुरी येते. कोकणातल्या बागायतदाराच्या लेखी पावसाचा थेंब न पडताही ते अवकाळीच.

थरांच्या या युक्तिवादाला पुरावा हवा असेल तर दोन वर्षे पाहावीत. फेब्रुवारी २०१४च्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली तिने राज्यातल्या तेव्हाच्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांना गाठले. गहू, हरभरा, द्राक्षे, डाळिंब, संत्री, जे शेतात उभे होते ते आडवे झाले. एखादी दुपार तापून उठलेले वळीव-वादळ असते तर ते एक-दोन दिवसांत संपले असते. त्या वेळी वरच्या वाऱ्यांचा झोत नेहमीपेक्षा दक्षिणेकडे सरकून राहिला, एकामागून एक लाटा खाली उतरत राहिल्या आणि दोन्ही समुद्रांकडून वाफ येत राहिली. यातली एकच गोष्ट घडती तर पंधरवडाभर गारा पडल्या नसत्या. दुसरे वर्ष २०१८. त्या वर्षी ११ फेब्रुवारीला, रविवारी, जालना, बुलडाणा, वाशीम या पट्ट्यात सकाळीच गारा कोसळल्या. उन्हाने जमीन तापायची होती, तरी ढग फुटले. जोर वरच्या गारठ्याचा होता. ‘ऊन पडलंय, आता काही येत नाही’ किंवा ‘दुपार टळली, वाचलो’ असा उन्हाळी वळवाचा हिशेब हिवाळ्यात का चालत नाही, ते या सकाळीवरून समजते.

मग संगणक इतके पुढे गेले असताना गारेचे गाव का सांगता येत नाही? प्रारूप वातावरणाचे चौकोनी तुकडे पाडून गणित करते. हवामान विभागाचे जागतिक प्रारूप बरीच वर्षे सुमारे बारा किलोमीटरच्या चौकोनांवर चालत होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरवर आली. ही मोठी मजल आहे यात शंका नाही. पण गारेचा ढग आडवा पाच-दहा किलोमीटरचा, त्यातला गारांचा पट्टा एक-दोन किलोमीटर रुंद, आणि एका ढगाचे आयुष्य अनेकदा तासाभराचे. सहा किलोमीटरच्या चौकोनात हा ढग एक-दोन ठिपक्यांएवढा उमटतो, आणि त्याचा आकार नीट पकडायला असे बरेच ठिपके लागतात. शिवाय ढग नेमका कुठे उठेल हे सकाळच्या हवेतल्या ज्या बारीक फरकांवर ठरते, ते मोजणारेच कोणी नसते. वरच्या हवेत फुगा सोडून तापमान, आर्द्रता आणि वारा मोजण्याची सोय नागपूरला आहे, तीही ठरावीक वेळी, पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. मधल्या बारा तासांत दिग्रसच्या माथ्यावर काय घडले, ते अनुमानानेच भरावे लागते.

शेवटच्या दोन-तीन तासांत उपग्रह आणि रडार हाती येतात. नागपूरच्या डॉपलर रडारपासून दिग्रस सरळ रेषेत सुमारे १८० किलोमीटरवर आहे, म्हणजे टप्प्यात आहे. पण पृथ्वी गोल असल्याने रडारचा किरण जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून उंच होत जातो. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण दिग्रसपर्यंत येतो तेव्हा साधा हिशेब मांडला तरी तो साडेतीन किलोमीटर वर असतो. गारांच्या बाबतीत हे अगदीच वाईट नाही. गारा वाढतात त्या थराच्या जवळूनच किरण जातो, त्यामुळे ढगाच्या पोटात बर्फ जमला आहे एवढे दिसते. तो खाली येईपर्यंत टिकला की वितळला आणि खालचा वारा ढगाला कुठे ढकलतो आहे, हे मात्र दिसत नाही. यवतमाळ-वाशीम-हिंगोलीच्या मध्यावर कुठे एक रडार बसवले तर शेवटच्या तासाचा इशारा नक्की सुधारेल. पण चार दिवस आधीच्या अंदाजात त्याने काडीचाही फरक पडणार नाही. रडारची मागणी करताना हे दोन फायदे लोक सर्रास एकत्र करतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो चावडीवरचा आणि तो रास्त आहे: ‘दरवेळी इशारा देतात, आमच्याकडे तर टिपूस नाही.’ इथे थोडे अंकगणित करू. यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्र साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या घरात आहे. समजा इशारा शंभर टक्के खरा ठरला आणि एका दिवसात जिल्ह्यात गारांचे पाच पट्टे उठले, प्रत्येक दोन किलोमीटर रुंद आणि वीस किलोमीटर लांब. हा काही किरकोळ दिवस नव्हे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर जाईल असा. तरी या पाचही पट्ट्यांचे मिळून क्षेत्र भरते दोनशे चौरस किलोमीटर, म्हणजे जिल्ह्याच्या दीड टक्का. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव शेतांसाठी हा अचूक अंदाज ‘खोटा’ ठरतो आणि उरलेल्या दोन शेतांचे मालक म्हणतात, आम्हाला कोणी नेमके सांगितलेच नाही. दोघांच्या तक्रारी खऱ्या, पण अंदाज चुकलेला नसतो. हवामान विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर. हे पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते आणि बातमीच्या मथळ्यापर्यंत पोहोचता पोहोचता ‘विदर्भात गारपीट होणार’ असे होऊन बसते.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. एवढे मोघमच सांगायचे तर त्याचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो ज्याच्या त्याच्या कामावर ठरतो. तुरीची गंजी शेतात लागली आहे असे धरा. ताडपत्री आणि मजुरी मिळून पाचशे रुपये खर्च येतो आणि भिजली तर दहा हजारांचे नुकसान होते असे मानले, तर पावसाची शक्यता विसात एक असली तरी झाकणे परवडते. अशा माणसाला मोघम इशाराही पुष्कळ झाला. वीस वेळा झाकून एकोणीस वेळा पाऊस आला नाही तरी तो तोट्यात नाही. फरदडीच्या कापसाचेही तसेच. बोंडे फुटलेली असतील तर आजच्या वेचणीला उद्यावर न टाकणे एवढाच निर्णय असतो, आणि भिजून कवडी झालेल्या कापसाला काय भाव मिळतो ते दिग्रसच्या बाजारात कोणालाही विचारा. हरभऱ्याच्या घाटेअळीवर फवारणी करायची असेल तर आभाळ येणार आहे एवढे कळले तरी ती एक-दोन दिवस पुढे-मागे करता येते, औषध धुऊन जात नाही. उलट, हरभरा अजून पुरता वाळला नाही आणि गारांच्या धास्तीने आठ दिवस आधी सोंगणी करावी की नाही, या प्रश्नाला हाच इशारा निरुपयोगी आहे. लवकर सोंगल्याने उत्पन्नाचा दहावा हिस्सा हमखास जातो असे धरले आणि आपल्या शेतावर गारा पडण्याची शक्यता शंभरात दोनच असेल, तर सोंगणीची घाई हा खात्रीचा तोटा आहे. एकाच घरात एकाच दिवशी गंजी झाकावी आणि हरभरा तसाच उभा ठेवावा, हे दोन्ही निर्णय एकाच अंदाजावरून बरोबर असू शकतात.

म्हणून माझी विभागाकडे मागणी अंदाज अचूक करा अशी नाही. तो आकड्यांत, मराठीत आणि वेगवेगळा सांगा अशी आहे. ‘शक्यता’ आणि ‘दाट शक्यता’ या शब्दांमागे विभागाच्या स्वतःच्या टक्केवारीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. त्या टक्केवारीसह पावसाचा आकडा वेगळा आणि गारांचा वेगळा द्यायला हरकत नसावी. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग प्रशासनाला सोयीचे असतील. जिल्हाधिकारी कार्यालयाला तयारीत राहायचे की धावायचे एवढेच कळायला हवे असते. शेतकऱ्याला रंगावरून हिशेब मांडता येत नाही. लोकांना टक्केवारी कळत नाही असे यावर म्हटले जाते. जो माणूस सावकाराचे व्याज आणि कापसातली घट तोंडी काढतो, त्याला ‘शंभरात तीस’ कळत नाही हे मला पटत नाही.

मोबाइलवरच्या अंदाजाने तर नेमकेपणाचा भलताच आव आणला आहे. गावाचे नाव टाकले की दुपारी चार वाजता ढग आणि पाचला दोन थेंब असे चित्र येते. त्यामागे बहुधा तेच जागतिक प्रारूप असते. चौकोनाचा आकडा फक्त गावाच्या नावाने छापलेला. तासाचा आकडा दिला म्हणून तासाचे ज्ञान झाले असे होत नाही. याउलट जुन्या माणसांच्या खुणांमध्ये तथ्य आहे, पण अर्धे. भर पौष-माघात रात्री अचानक उकडू लागले, वारा उत्तर सोडून पूर्व-आग्नेयेकडून यायला लागला, चंद्राभोवती खळे पडले, की आभाळ येणार, असे ते सांगतात. वारा आणि रात्रीची ऊब म्हणजे उपसागराची वाफ पोहोचल्याची पावती आहे, आणि खळे पडते ते वरच्या बर्फकणांच्या पातळ ढगांमुळे, जे येणाऱ्या लाटेच्या पुढे धावत असतात. मात्र पाच किलोमीटर उंचीवर किती गारठा आहे हे अंगणात उभे राहून कळायला वाव नाही. त्यामुळे या खुणा आभाळाबद्दल बरोबर असतात आणि गारांबद्दल गप्प.

शेवटच्या दोन तासांसाठी दिग्रसकराने स्वतः करण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिच्या आड येतो तो कार्यालयांचा नकाशा. विदर्भाचे अंदाज नागपूरच्या प्रादेशिक केंद्रातून निघतात, मराठवाड्याचे मुंबईच्या. दिग्रस विदर्भात, पण मराठवाड्याच्या उंबरठ्यावर. हिवाळ्यात गडगडाटी ढगांना वरचे वारे बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडून पूर्व-ईशान्येकडे ढकलतात. म्हणजे दिग्रसवर येणारे ढग बरेचदा आधी वाशीम किंवा हिंगोलीवर असतात. हिंगोली सरळ रेषेत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. ताशी चाळीसच्या वेगाने सरकणारी वादळांची रांग तिथून इथे यायला पावणेदोन-दोन तास घेते. एखादा ढग वाटेत विरेल, त्याच्या कुशीला दुसरा उठेल, पण रांग सरकत राहते. तेव्हा पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा पाहताना यवतमाळ जिल्ह्याच्या आधी हिंगोली आणि वाशीम पाहावे. हिंगोलीचा इशारा मुंबईहून येतो, म्हणून तो यवतमाळच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत नाही. वादळाला विभागीय आयुक्तालयांच्या हद्दी माहीत नसतात, पण आपली माहिती अजून त्या हद्दींमधूनच फिरते.

वादळ पूर्वेकडे निघून गेल्यावर अंदाज करणाऱ्याचे सोपे दिवस येतात. जमीन ओली, आकाश निरभ्र, वारा पडलेला अशी रात्र आली की पहाटे धुके ठरलेले, विशेषतः अरुणावती धरणाच्या आसपास आणि ओढ्या-नाल्यांच्या खोलगट भागात. एक-दोन दिवसांनी उत्तरेची कोरडी हवा स्थिरावली की धुके विरते आणि पारा उतरतो. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तो अशाच निरभ्र, कोरड्या हवेत. हा टप्पा तीन-चार दिवस आधी सांगता येतो आणि बहुतेक वेळा बरोबर येतो, तरी त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, कारण गारांच्या बातमीने तोवर सगळ्यांचा अंदाजावरचा विश्वास उडालेला असतो. वास्तविक हरभऱ्याला रात्रीचे हलके पाणी कधी द्यायचे, भाजीपाल्याची रोपे कधी झाकायची हे ठरवायला तेवढा अवधी भरपूर आहे.

राहिला पडताळ्याचा प्रश्न. गारांचा अंदाज किती वेळा खरा ठरतो हे तालुकावार कोणी सांगायला गेले तर त्याच्या हाती आकडेच नसतात. राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. ती पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मोजतात. गारा मोजण्याची त्यांच्यात सोय नाही. गार पर्जन्यमापकात पडली तर वितळून पावसाच्या मिलिमीटरमध्ये जमा होते. आपल्याकडे गारांची सर्वांत बारीक नोंद हवामान खात्याकडे नाही, ती तहसील कार्यालयात आहे. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून जे पंचनामे करतात त्यांत गाव, गट क्रमांक, पीक आणि नुकसानीचे प्रमाण असते. एका वादळाचे सगळे पंचनामे नकाशावर मांडले तर गारांचा पट्टा कुठून सुरू झाला, किती रुंद होता, कुठे संपला, हे कुठल्याही रडारपेक्षा स्वच्छ दिसेल. नुकसान आणि गारपीट यांत फरक असतो, भरपाईच्या आशेने कडा थोड्या फुगतात, हे मान्य. पण पट्ट्याचा मधला भाग लपत नाही. या कागदांत एकच रकाना कमी आहे, गारा पडल्या ती वेळ. ती वेळ आणि जमल्यास गारेचा आकार, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, बोराएवढी की लिंबाएवढी, असे दोन रकाने पंचनाम्याच्या नमुन्यात वाढवायला शासनाला फार खर्च येणार नाही, आणि ते कागद वर्षाअखेर नागपूरच्या केंद्राकडे पाठवायलाही नाही.